दोन विहिरींचा फोटो

आमच्या घरमालकांना काहीही विचारलं की ते डावीकडून सुरुवात करायचे. शिंप्याचं दुकान कुठे आहे एवढंच विचारावं, तर ते आपल्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर उभे राहणार, मान पूर्ण डावीकडे वळवणार आणि बसस्टँडच्या फाटकापासून सांगायला लागणार. फाटक, त्याला लागून चहाची टपरी, मग खताचं दुकान, मग जीपा उभ्या राहतात ती मोकळी जागा आणि तिथला कडुनिंब. मान हळूहळू उजवीकडे सरकत येणार. मध्येच कोणी बोललं, जीपवाल्याने हॉर्न वाजवला किंवा माझ्यासारखीने 'हो हो, आलं लक्षात' म्हटलं, की मान परत डावीकडे. पुन्हा फाटक, पुन्हा टपरी. शिंप्याचं दुकान स्टुडिओच्या बरोबर समोर होतं, हे मला पायरी उतरल्यावर कळलं.

मी स्वभावाने घाईची. कामरगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा या स्टुडिओवरची खोली भाड्याने घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात टपरीवाल्याने मला बजावलं की माणूस देव आहे, पण त्यांना रस्ता तेवढा विचारू नका. मी विचारत राहिले. न विचारता त्या जिन्याने वर जाणं शक्यच नव्हतं, कारण ते कायम जिन्याखाली काहीतरी मांडून बसलेले असत आणि ते काय आहे हे विचारल्याशिवाय मला राहवत नसे.

ते काय असायचं, तर 'लंबा फोटो'. सगळं गाव त्याला हाच शब्द वापरायचं. स्टुडिओत आता पासपोर्ट फोटोंशिवाय दुसरं काम उरलं नव्हतं. लग्नाचे फोटो लोकांचे भाचे-पुतणेच फोनवर काढायचे. त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. पासपोर्ट फोटो म्हणजे त्यांच्या मते माणसाचा सगळ्यात अर्धवट फोटो. खांदे कापलेले, हात नाहीत, मागे निळा पडदा. त्या माणसाच्या आजूबाजूला काय आहे हे कळतच नाही, मग तो माणूस कसा कळणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते एका जागी उभे राहून, जरा जरा वळत ओळीने फोटो काढायचे आणि मग ते एकाला एक जोडून आडवा, लांबच लांब एकच फोटो तयार करायचे. आधी हे काम ब्लेड आणि डिंकाने चालायचं, आता एका कुरकुरणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर. आठवडी बाजार झाला, बसस्टँड झालं, शिरपूरच्या जैन मंदिराकडे जाणारा रस्ता झाला. कॅमेरा ठेवायला स्टँड नव्हता, एक बांबू होता. त्याच्या टोकाला त्यांनी स्वतः स्क्रू बसवला होता.

फोनमध्ये हे एका बटणावर होतं, असं मी त्यांना दाखवायला गेले. शहाणपणा करायची मला खोडच आहे. त्यांनी माझा फोन घेतला, रस्त्यावरून फिरवला, आलेला फोटो डावीकडून उजवीकडे पाहिला आणि फोन परत दिला.

"फोन घाई करते, मॅडम. घाईत जे राहून जाते ते त्याले मालूमच पडत नाही."

त्यांचे नियम ठरलेले होते. पाय जागचे हलवायचे नाहीत. पाय हलले की जवळच्या वस्तू जागा सोडतात, दूरच्या सोडत नाहीत, आणि मग जोड बसत नाही. फोटो काढणाऱ्याची सावली फोटोत आली की तो फोटो बाद. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे तिसरा हिस्सा. प्रत्येक फोटोचा तिसरा हिस्सा पुढच्या फोटोत आलाच पाहिजे. झाड या फोटोच्या उजव्या काठाला असेल तर पुढच्याच्या डाव्या काठाला तेच झाड हवं. दोघांत काहीतरी तेच असेल तरच दोन फोटो जोडता येतात, नाहीतर नुसते शेजारी ठेवता येतात.

हा नियम ते कशालाही लावायचे. गल्लीतल्या सासू-सुनेचं भांडण ऐकून म्हणायचे, दोघीत तिसरा हिस्सा नाही, जोड बसन कसा. माझं एकदा हेडमास्तरांशी वेळापत्रकावरून चांगलंच वाजलं. मी तणतणत जिना चढत होते तर खालून त्यांनी शांतपणे विचारलं की तुमचं दोघांचं काही एक सारखं हाये काय. मी म्हटलं, काही नाही. जरा विचार करून मग म्हटलं, दोघांनाही चहा बिनसाखरेचा लागतो. ते म्हणाले, मंग तितूनच जोडा. मी जोडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसमोर बिनसाखरेचा चहा आला तेव्हा मला हसू आवरलं नाही आणि भांडणाची धार गेली ती गेलीच.

काकू, म्हणजे त्यांची बायको, वेगळ्याच मातीची. गावाबाहेरच्या वावरात ती भाजीपाला पिकवायची. वांगी, मेथी, सांबार. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळेपर्यंत मी तिच्याकडे इडली कुठाय म्हणून बघत होते.) बाजाराच्या दिवशी ती स्वतः पाल टाकून बसायची. नवऱ्याच्या छंदाबद्दल तिचं एकच गाऱ्हाणं होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. "माहा एक फोटो काढा म्हटलं तं ह्यायनं पुरा बजार काढला. त्यात मी मेथीच्या जुडीएवढी." तो फोटो तिने मात्र देवघराच्या वर लावला होता, आणि आपण त्यात कुठे आहोत हे ती न बघता बोटाने दाखवायची.

पोहरादेवीच्या यात्रेचा फोटो हे त्यांच्या जिद्दीचं खरं उदाहरण. रामनवमीच्या गर्दीत ते बांबू घेऊन एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले आणि आपल्या पद्धतीने वळत वळत फोटो काढले. घरी येऊन जोडले, तर एक केळीवाला ओळीने चार ठिकाणी. तो डोक्यावर टोपली घेऊन नेमका यांच्या वळण्याच्या वेगाने गर्दीतून चालला होता. मी म्हटलं, त्यातले तीन पुसून टाका, कॉम्प्युटरवर येतं की तेवढं. त्यांना ते पटलं नाही. तो माणूस तिथे होता, त्याला पुसणारे आपण कोण? पण चार केळीवाल्यांचा फोटो लावणंही त्यांना पटलं नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा पोहरादेवीला गेले, पुन्हा ट्रॉलीवर चढले. त्या वर्षी वारं होतं, झेंडे एका फोटोत इकडे आणि दुसऱ्यात तिकडे फडकले. त्याच्या पुढच्या वर्षी परत गेले. लोक नवसाला जात असतील तितक्या नेमाने हा माणूस जोड बसवायला पोहरादेवीला जायचा, आणि शेवटी त्याने तो बसवला.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकायची. रस्त्यात समोरासमोर भेटले की ते तोंडभर बोलायचे, पण बाजूने गेलं तर ओळख नाही. मी नमस्कार करायचे, ते सरळ पुढे. एकदा मी पाण्याची बादली घेऊन जिना चढत असताना ते उजव्या बाजूने आले आणि सरळ मला धडकले. पाणी सगळं माझ्या अंगावर. मी चिडून वर गेले आणि खोली सोडायची असं ठरवूनच टाकलं.

संध्याकाळी काकू मेथी निवडायला माझ्या दारात येऊन बसली. जुडी मोडत, खाली बघतच म्हणाली, "राग नका मानू. ह्यायले बाजूचं दिसत नाही. काचबिंदू हाये."

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे गेलं ते परत येणार नाही. थेंब घालत राहायचं. उरलेलं जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकेल. दृष्टी कडांकडून आत आत येत चालली होती. गावात हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्याला दिसत नाही त्याच्याकडे फोटो काढायला कोण येईल. मी मेथीच्या काड्या गोळा करत बसले. मान डावीकडून उजवीकडे का फिरते, मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून का, हे एकदम समोर आलं. त्यांना कुठलीही गोष्ट पूर्ण दिसतच नव्हती. ते तुकडे गोळा करत होते आणि डोक्यात जोडत होते, आणि आम्ही हॉर्न वाजवत होतो. मला फार वाईट वाटलं. खोली सोडायचं मी परत मनात आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गप्प गप्प होते, ते त्यांनी ओळखलं. स्वतःच बोलले.

"पाइपातून पाह्यल्यावानी दिसते. एवढंसं. पर दिसते ना? मंग तेवढे तुकडे घेतो. जोडाले कोन मनाई केली?"

आणि मग त्यांनी मला तो फोटो सांगितला, जो त्यांना डोळे आहेत तोवर करायचाच होता. त्यांचं वावर. वडिलांच्या वेळेस होतं तसं, अख्खं. रस्त्याकडचं बाभूळबन, पूर्वेचा संत्र्याचा तुकडा, दक्षिणेचा नाला, पश्चिमेचा गव्हाचा पट्टा आणि मागे उठलेली टेकडी. हे सगळं एका जागेवरून दिसायचं. मधल्या विहिरीवर एक लांब दगड होता, मोटेच्या काळचा, अर्धा विहिरीवर आलेला. त्यावर वडील दोन्ही पोरांना दोन्ही हातांनी धरून उभे करायचे आणि हळूच गोल फिरवायचे. फोटो तिथूनच निघणार होता, दुसरीकडून नाही.

अडचण अशी की वाटणीत विहीर धाकट्या भावाच्या बाजूला गेली होती. पाणी दोघांचं, पाळीने, जमीन धाकट्याची. आणि एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून दोघांचं असं बिनसलं की बोलणं बंद झालं. मधल्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्याच्या पलीकडे थोरल्याने पाय टाकला नव्हता आणि अलीकडे धाकट्याने. पाण्याची पाळी काकू आणि जाऊ आपसात ठरवून घ्यायच्या. दोघींचं चांगलं चाललं होतं. मी म्हटलं, काका, तुम्ही भावाला नुसतं विचारा ना. त्यांनी मान डावीकडे नेली आणि माझ्याशी त्या विषयावर बोलणं टाळायचं म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

विचारायचं नाही आणि फोटो तर करायचाच. मग त्यांनी तीस वर्षांच्या धंद्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आपलाच पहिला नियम मोडला. अर्धे फोटो धुऱ्याच्या अलीकडून, आपल्या वांग्यांत उभं राहून काढले, आणि मग लांबून वळसा घालून, रस्त्याच्या बाजूने उरलेले अर्धे. मागची टेकडी दोन्हीकडे सारखीच होती. टेकडीला टेकडी जोडली, जोड बेमालूम बसला. फोटो भिंतीवर टाचून ते जवळून बघायला लागले, डावीकडून. विहीर आली. जरा पुढे सरकले, तर पुन्हा विहीर आली.

दोन विहिरी. एक वांग्यांच्या मागे, एक गव्हाच्या पुढे, मध्ये मजेत टेकडी. मला हसू आलं. त्यांना अजिबात आलं नाही. त्यांनी दोन्ही विहिरींभोवती लाल पेन्सिलने गोल केला आणि फोटो तसाच भिंतीवर ठेवला; चूक डोळ्यांसमोर राहिली पाहिजे म्हणून. पण पासपोर्ट फोटोला येणारे लोक तो बघून जाऊ लागले आणि गावात बातमी आपल्या पायाने चालू लागली. कोणी म्हणालं यांनी नवी विहीर खोदली. कोणी म्हणालं, नाही, फोटोत विहीर मोठ्याच्या वावरात दाखवलीय, लाल खूणही केलीय, आता हा फोटो तहसिलात जाणार.

धाकटे स्टुडिओत आले तेव्हा मी शाळेच्या ओळखपत्रासाठी निळ्या पडद्यासमोर बसले होते. काका कॅमेरा लावत होते. दारात, त्यांच्या उजव्या हाताला, एक उंच, कपाळाला आठ्या घातलेला माणूस येऊन उभा राहिला. चेहरा इतका सारखा की कोण हे सांगावं लागलं नाही.

"दुसरी इहीर कुठं हाये?"

काकांचा हात थांबला. आवाज त्यांनी ओळखला होता, हे मला समोरून स्वच्छ दिसलं. पण आवाजाच्या दिशेने ते वळले नाहीत. सवयीने मान आधी डावीकडे गेली. भिंतीवरची छत्री, स्टूल, कॉम्प्युटर, मी, निळा पडदा. ती मान दाराकडे यायला वेळ लागणार होता. धाकट्यांना वाटलं, हा मुद्दाम तोंड फिरवतोय. ते चिडून पुढे आले आणि काकांच्या कानाजवळ, डोळ्यांच्या अगदी बाजूला हात हलवला की इकडे बघ. काकांची पापणीही हलली नाही. त्यांनी पुन्हा हलवला. मग तो हात तसाच हवेत राहिला, आणि मी त्यांच्या आठ्या सुटताना पाहिल्या.

शेवटी मान त्यांच्यापर्यंत पोचली.

"आला काय तू," काका म्हणाले.

"डोयाले काय झालं?"

"बाजू गेल्या. हयूहयू."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू बोलत कुठं होता."

धाकटे मटकन स्टुलावर बसले. मी फोटोसाठी बसले होते तशीच ताठ बसून राहिले, कारण उठावं की नाही ते कळत नव्हतं. मग ते ज्या कामासाठी आले होते ते आठवून, पण मघाचा जोर अजिबात न ठेवता, धाकट्यांनी परत विचारलं की पण फोटोत दोन विहिरी कशा. काकांनी त्यांना भिंतीपाशी नेलं. जोड दाखवला, टेकडी दाखवली. दोन जागी उभं राहिलं की एकाच वस्तूच्या दोन होतात, हे समजावून सांगितलं. एका जागी उभं राहिलो असतो तर झालं नसतं. ती जागा तुझ्याकडे आहे.

"मंग विचाराचं होतं," धाकटे म्हणाले.

"आता विचारून राह्यलो ना," काका म्हणाले.

फोटोचा दिवस ठरला तो थंडीतला. मला रविवारची सुट्टी होती आणि मी न बोलावता गेले. धाकट्यांनी पहाटेच दगड झाडून ठेवला होता. कठडा एका बाजूने पडलेला, खाली काळं पाणी. तो अर्धा लोंबता दगड आणि त्यावर बाजूचं न दिसणारा माणूस, हे बघून काकूने तोंड फिरवलं आणि सांबार खुडायला लागली. बांबू टेकवायला दगडावर जागा नव्हती. काका म्हणाले, हातात धरून काढतो. धाकटे चपला काढून मागे चढले आणि त्यांनी दोन्ही हातांनी भावाची कंबर धरली.

उत्तरेच्या बाभळींपासून सुरुवात झाली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याच्या कडा काकांना एकदम दिसत नव्हत्या. तेव्हा तिसरा हिस्सा आला की नाही हे बघायचं काम धाकट्यांचं, भावाच्या खांद्यावरून डोकावून. त्यांना एकच शब्द बोलायची परवानगी होती, 'आलं'. बाभळी आल्या. संत्री आली. सूर्य वर येत होता. मी खाली उभी, आणि मला राहवेना. पूर्व संपल्यासारखी वाटली म्हणून मी विचारलं, "झालं का?"

काकांनी कॅमेरा खाली घेतला. मान डावीकडे वळली. परत बाभळी.

धाकट्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम," ते म्हणाले, "आता तुमी एक शब्द बोलू नका."

दुसऱ्यांदा मी पदर तोंडात धरून उभी राहिले. दोघं एकमेकांना धरून, मुंगीच्या पावलाने जागच्या जागी वळत होते. धाकट्यांच्या चेहऱ्यावर बोलायचं किती साचलं होतं ते मला खालून दिसत होतं. आपल्या गव्हापेक्षा याची वांगी फोटोत जास्त येतायत, हे त्यांना कळलं होतं आणि गिळावं लागत होतं. नाला आला, तेव्हा काकांचा उजवा पाय दगडाच्या कडेवरून निम्मा बाहेर गेला. त्यांना ते कळलंच नाही. धाकट्यांनी कंबर मागे ओढली, पाय आत आला, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "आलं." टेकडी आली. शेवटी पश्चिमेचा गहू आला, आणि मग धाकट्यांनी खाली उतरायच्या आतच वांग्यांचा विषय काढला. दोघं गव्हाच्या कडेला उभे राहून चांगले भांडले. काकू सांबाराची जुडी हातात घेऊन ते भांडण ऐकत उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

फोटो जोडून झाला तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, शेवटच्या तुकड्यात गव्हावर सावली पडली होती. सूर्य पाठीमागे होता, तेव्हा दोघांची मिळून एक जाड, लांब सावली, तिला दोन डोकी. मी त्यांना त्यांच्याच नियमाची आठवण करून दिली. काका बराच वेळ तो तुकडा बघत होते. "राहू द्या," म्हणाले. दुसरी गोष्ट अशी की या फोटोत विहीर नव्हती. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं, ती एकही नाही.

एवढा लांब फोटो छापणार कुठे, तर फ्लेक्सवाल्याकडे. त्याने पहिला प्रश्न केला की वाढदिवस कोणाचा आहे. कोणाचाच नाही म्हटल्यावर, निदान कोपऱ्यात हात जोडलेला एक फोटो तरी टाकू का, असं त्याने फार आग्रहाने विचारलं. स्टुडिओची भिंत पुरली नाही. फ्लेक्स कोपऱ्यावर वळून दुसऱ्या भिंतीवर गेला, दारापर्यंत.

नंतर मी रिसोडकडच्या शाळेत गेले. मध्यंतरी कारंज्याला एका लग्नाला आले होते, तेव्हा परतीच्या जीपवाल्याला कामरगावात दहा मिनिटं थांब म्हणून सांगून स्टुडिओत डोकावले. पासपोर्ट फोटो आता काकू काढते. एका माणसाला निळ्या पडद्यासमोर बसवून ती त्याला मान सरळ ठेवायला दटावत होती. धाकटे दाराजवळच्या स्टुलावर. ते रोज येतात, असं तिने मला डोळ्यांनी सांगितलं. आणि काका भिंतीला नाक लावून उभे. पाइप आता फारच बारीक झाला आहे. हाताचा पंजा भिंतीवर, नजर पंजाच्या पुढे, आणि बोटाबोटाने उजवीकडे. ते संत्र्यांपाशी होते.

पडद्यासमोरच्या माणसाने फ्लेक्सकडे पाहिलं. "वावर तं झकास हाये, भाऊ. पर इहीर कुठं हाये?"

पंजा थांबला. मग काका भिंतीला धरत धरत मागे निघाले आणि बाभळींपाशी जाऊन उभे राहिले.

"बसा आता," धाकटे त्या माणसाला म्हणाले. "अन् बोलू नका."

मी दारात होते. बाहेर माझ्या जीपने हॉर्न वाजवला. धाकटे उठले, रस्त्यावर गेले, जीपवाल्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण हॉर्न पुन्हा वाजला नाही. ते परत येऊन स्टुलावर बसले. काकूने कॅमेरा खाली ठेवला. बाभळी गेल्या. संत्री गेली. कोपरा वळताना काकांनी भिंत दोन्ही हातांनी चाचपली. नाल्यापाशी ते जास्त रेंगाळले. टेकडी गेली. मला इतका वेळ न बोलता उभं राहता येतं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

गहू आला. भिंत संपली. सावलीच्या दोन डोक्यांवर काकांचा पंजा टेकला, आणि मग त्यांनी मघाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"इथी," ते म्हणाले. "आमच्या पायाखाली."